एका सेकंदावर जगाची चर्चा, मजुराच्या तासांवर कोणाची?

जगाच्या घड्याळात अधूनमधून वाढवला जाणारा ‘लीप सेकंद’ आता बंद होणार आहे. अणुघड्याळे एकसारखी चालतात, पृथ्वीच्या फिरण्याचा वेग मात्र किंचित कमीजास्त होतो. हा फरक भरून काढण्यासाठी १९७२ पासून २७ वेळा एकेक सेकंद वाढवण्यात आला. शेवटचा सेकंद वाढला तेव्हा भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटेचे साडेपाच वाजत होते. या जादा सेकंदाने संगणक अडखळतात, २०१२ साली अनेक संगणकीय सेवा कोलमडल्या होत्या. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्समध्ये भरलेल्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले की २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवावी आणि घड्याळ व पृथ्वी यांच्यातील फरक वाढू द्यावा. त्याआधी वीस वर्षांहून अधिक काळ देशोदेशीचे तज्ज्ञ यावर भांडत होते.

यामुळे घड्याळाची सूर्याशी असलेली नाळ तुटेल, असा आक्षेप घेतला जातो. पण ती नाळ आहे कुठे? भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते. आपले शेवगाव सुमारे सव्वापंच्याहत्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर घड्याळात बारा वाजल्यावर शेवगावात सूर्य माथ्यावर यायला सरासरी २९ मिनिटे लागतात. सतराशेहून अधिक सेकंदांचा हा फरक घेऊन आपण शंभराहून अधिक वर्षे जगतो आहोत. वेळ देवाने दिलेली नाही, ती माणसांनी ठरवली आहे. प्रश्न एवढाच, की कोणी ठरवली आणि कोणाच्या सोयीसाठी?

सूर्याच्या वेळेचे गोडवे आम्हाला कोणी सांगू नयेत. पेशवाईच्या पुण्यात महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर वेशीच्या आत प्रवेश नव्हता, कारण त्या वेळी सावली लांब पडते आणि ती उच्चवर्णीयांना विटाळते, अशी नोंद समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी केली आहे. सूर्य सर्वांचा होता, वेळ मात्र जातीची होती.

इंग्रजांच्या काळात घड्याळ आले, ते मालकाच्या हाती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या वतीने मागण्या केल्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले. पुढे १९०६ मध्ये मुंबईवर भारतीय प्रमाणवेळ लादली गेली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. घड्याळ पुढे सरकले म्हणजे कामगाराने तेवढे लवकर अंधारात घर सोडायचे. त्या जानेवारीत हजारो कामगारांनी काम नाकारून गिरण्यांवर दगडफेक केली. घड्याळाचे राजकारण त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

या लढ्याला कायद्याचे बळ दिले ते बाबासाहेबांनी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती मांडली आणि १९४६ साली ती कायदा झाली. कामाचे तास कमी करणे म्हणजे माणसाला माणूस म्हणून वाचायला, संघटित व्हायला वेळ देणे होय.

आज काय चालले आहे? ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामासाठी लेखी संमती लागेल, असे सरकार सांगते. पण ज्याच्या घरची चूल रोजच्या कामावर पेटते, तो मालकासमोर असहमतीची सही करील काय? एका सेकंदासाठी वीस वर्षे चर्चा आणि कामगाराच्या तीन तासांसाठी मंत्रिमंडळाची एक बैठक!

आणि शेवगाव-पाथर्डीतून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बांधवांना, मायबहिणींना तर या ४८ तासांचाही आधार नाही. त्यांची मजुरी टनावर. पहाटे फडात उतरायचे आणि गाडी रात्री आली तर रात्री मोळ्या भरायच्या. एक दिवस खाडा झाला तर तो मुकादमाच्या वहीत बरोबर लिहिला जातो, राबलेले तास मात्र कोणत्याच वहीत नसतात.

म्हणून लीप सेकंद जातो की राहतो, यावर आपण भांडण्याचे कारण नाही. विज्ञानाने जुना नियम तपासला, अडचणीचा ठरला म्हणून बदलायचे ठरवले, हे स्वागतार्हच आहे. तीच तपासणी मजुराच्या दिवसाची झाली पाहिजे. फडातल्या कामाचे तास नोंदले जावेत, रात्रीच्या भरणीला वेगळा दर मिळावा, खाड्याची कपात बंद व्हावी, या मागण्या घेऊन तालुक्यातील कार्यकर्त्यांनी तोडणीच्या हंगामाआधीच उभे राहावे. अणुघड्याळ सेकंदाचा अब्जांश भाग मोजते. ऊसतोड मजुराचे बारा-चौदा तास मोजायला या व्यवस्थेकडे साधे घड्याळ नाही, हे आम्ही का मान्य करावे?

जयभीम!