'धर्मात्म्या'ला हार घालू नका



आपल्या कोळसेवाडीतल्या पोरांनी ठरवलंय, जयंतीच्या आठवड्यात पडदा बांधून जुना 'धर्मात्मा' दाखवायचा. गरिबाला मदत करणारा मटका किंग, लई भारी पिक्चर, म्हणे. माझा याला विरोध आहे. का, ते सांगतो.

'धर्मात्मा' १९७५ चा, फिरोझ खानने काढलेला. प्रेमनाथचा सेठ धरमदास रतन खत्रीवर बेतलाय, असं तेव्हापासून बोललं जातं. पोराला बापाचा धंदा पटत नाही, तो अफगाणिस्तानला निघून जातो. आपल्या पोराला कुठला आलाय अफगाणिस्तान? तो नाक्यावरच राहतो.

कल्याण मटका म्हटलं की बाहेरचे आपल्या गावाला हसतात. गावाचा काही संबंध नाही. नाव कल्याणजी भगतचं. त्याने १९६२ साली वरळीत धंदा मांडला, खत्रीने १९६४ साली आपला वेगळा. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडा लागायचा. ते १९६१ साली बंद पडलं, मग मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या, मग पत्ते. तीन पत्त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा ओपन, पुन्हा तीन काढले की क्लोज. एका आकड्याला रुपयाला नऊ.

आता हिशेब करा. दहा माणसांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला. दहा जमले, नऊ वाटले, एक सेठचा. रोज. त्या एकातला पैसा तो दान करतो आणि आपण पाया पडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सातवीत होतो. वस्तीत माझं अक्षर चांगलं. आकडेवाला चिठ्ठ्या लिहायला मलाच बसवायचा, चार आणे द्यायचा. बाबासाहेब म्हणाले शिका. मी शिकलो, आणि आपल्याच माणसांचे आकडे लिहीत बसलो. एका पगाराच्या दिवशी बाप समोर उभा. मला बघून गप्प झाला. मग म्हणाला, "लिव. पंजा. पाच रुपये." मी लिहिलं. पंजा आला नाही. त्या महिन्यात आईने रेशन उधारीवर आणलं.

आणि नावं बघा यांची. 'धर्मात्मा'. १९५५ च्या 'श्री ४२०' मधला, शंभर रुपयांत घर देतो म्हणून फुटपाथवरच्यांना लुटणारा सेठ सोनाचंद धर्मानंद. पोथीतला तर धर्मराजच, बायको पणाला लावली तरी धर्मराज! आणि तथागतांनी सिगालोवाद सुत्तात जुगार हा संपत्ती बुडवण्याच्या सहा वाटांपैकी एक सांगितलाय. आपण कुणाचं ऐकायचं?

कायद्याच्या भरवशावर राहू नका. जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे, मटका त्याच्या नाकाखाली वाढला. १९६९ साली तर सरकारनेच लॉटरी काढली. २०२५ साली पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तोवर लोकलमध्ये डोंबिवली ते ठाणे किती पोरं मोबाइलवर रमी खेळत होती ते आपण पाहिलंय.

नशीब हा शब्द आपण १९५६ साली टाकून दिला. आकडेवाला तोच शब्द आपल्याला परत विकतो.

तरीही पिक्चर लावणारच असाल तर लावा. पण संपल्यावर कुणी उठायचं नाही. दिवे लावा, फळा आणा, दहा रुपयांचा हिशेब सगळ्यांसमोर मांडू. खडू मी धरतो. अक्षर अजून चांगलं आहे.

जयभीम.