हिवाळ्यातून निसटलेला महिना

भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीत जानेवारी व फेब्रुवारी हे दोन महिने हिवाळ्याचे मानले जातात आणि उन्हाळा १ मार्चपासून मोजला जातो. या सरकारी विभागणीला लोकव्यवहाराचाही आधार होता. होळी पेटली की थंडी पळते, हा ठोकताळा महाराष्ट्रात घरोघरी आहे. २०२५ साली मात्र होळीला पंधरवड्याहून अधिक अवकाश असताना मुंबई-ठाणे परिसराला उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला आणि सांताक्रूझचा पारा ३८ अंशांच्या पुढे गेला. दहावीची परीक्षा सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार दिवस लोटले होते.

त्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी तापमान २२.०४ अंश सेल्सियस राहिले. सर्वसाधारण मानल्या जाणाऱ्या २०.७० अंशांहून ते १.३४ अंशांनी अधिक होते. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका उष्ण फेब्रुवारी तोवर झाला नव्हता. कमाल तापमानाचा उच्चांक मात्र २०२३ च्या फेब्रुवारीकडेच राहिला; २०२५ चा २९.०७ अंशांचा आकडा त्याच्या खालोखाल होता. मग २०२५ पुढे सरकले ते कशाच्या बळावर? रात्रींच्या. किमान तापमानाची सरासरी १५.०२ अंशांवर गेली, नेहमीपेक्षा १.२ अंशांनी जास्त. दुपारच्या उन्हाची चर्चा पुष्कळ झाली, पहाटेचा गारवा हरवल्याची फारशी झाली नाही.

सव्वा अंशाने काय होते, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण हा आकडा एका गावाच्या एका दुपारचा नाही. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या अठ्ठावीस दिवसांची आणि अठ्ठावीस रात्रींची ती सरासरी आहे, आणि अशी सरासरी सहजासहजी हलत नाही. शिवाय ‘सर्वसाधारण’ हा शब्दही स्थिर नाही. हवामान खाते पूर्वी १९८१ ते २०१० या तीस वर्षांची सरासरी प्रमाण मानीत असे. आता १९९१ ते २०२० ची मानते. मोजपट्टीच तापत गेली आहे. आजच्या मापाने जो महिना थोडासा उष्ण ठरतो, तो आजोबांच्या काळच्या मापाने बराच उष्ण ठरला असता.

उत्तर भारताला हिवाळी पाऊस देणारे पश्चिमी झंझावात क्षीण राहिले, की आकाश निरभ्र राहते व ऊन तापते, हे स्थानिक कारण खरे आहे. तेवढ्याने भागत नाही. २०२३ व २०२५ या दोन्ही वर्षी हिवाळ्यात प्रशांत महासागरात ‘ला निना’ची स्थिती होती. ती असताना भारतातील हिवाळा सहसा अधिक थंड असतो. थंडीला अनुकूल वारे असूनही उच्चांक मोडले गेले, यावरून मूळ पातळीच किती वर चढली आहे याची कल्पना यावी.

आता सरकारी व्याख्येकडे वळू. उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी मैदानी प्रदेशात पारा किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ व डोंगराळ भागात ३० अंश असावा लागतो, आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर असावा लागतो. माणसाच्या जिवाला धोका केव्हा, एवढ्यापुरता हा निकष योग्यच आहे. परंतु पंजाब-हरियाणातील गहू याच सुमारास दाणा भरू लागतो. त्याला चाळीस अंश लागत नाहीत. पारा तिशी ओलांडून तिथेच राहिला आणि रात्री उबदार गेल्या, की दाणा पोसण्यापूर्वीच पीक पिवळे पडते. म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान होत असताना व्याख्येप्रमाणे लाट आलेलीच नसते, आणि पंचांगात हिवाळा चालू असतो.

२०२२ मध्ये हे दिसून आले. तेव्हा उच्चांक फेब्रुवारीने नव्हे, मार्चने मोडला होता. त्या हंगामात ११ कोटी १३ लाख टन गव्हाचा अंदाज सरकारने बांधला होता आणि एक कोटी टन निर्यातीच्या गोष्टी चालल्या होत्या. पुढे अंदाज खाली आणावा लागला आणि १३ मे रोजी निर्यातबंदीचा हुकूम निघाला. युक्रेन युद्धामुळे बाजारभाव चढले होते, ही गोष्टही हिशेबात धरली पाहिजे. पण सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली, त्यात उन्हाचाही वाटा होता. काही राज्यांत रेशनवरील गव्हाची जागा तांदळाने घेतली.

तथापि उष्ण फेब्रुवारी म्हणजे हमखास बुडीत हंगाम, असेही नाही. २०२५ मध्ये उच्चांक होऊनही सरकारी अंदाजाप्रमाणे गव्हाचे उत्पादन विक्रमी, सुमारे पावणेबारा कोटी टन झाले. लवकर पेरणी आणि उष्णता सोसणारे वाण यांचे श्रेय नाकारता येणार नाही. संशोधकांनी व शेतकऱ्यांनी आपले वेळापत्रक हलवले.

इतर खात्यांनी मात्र ते हलवलेले नाही. २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा आखला आणि पुढे अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. हे आराखडे बहुधा मार्चपासून अमलात येतात. सकाळच्या शाळेचा विचारही मार्च उजाडल्याशिवाय होत नाही. २०२५ ची दहावी-बारावीची परीक्षा आठ-दहा दिवस अलीकडे आणली गेली खरी, पण ती निकाल लवकर लागावा म्हणून. पिकांसाठी व रात्रीच्या उष्म्यासाठी इशाऱ्याचे वेगळे निकष, शहरांच्या आराखड्यांना १५ फेब्रुवारीपासून प्रारंभ आणि प्रत्येक परीक्षा केंद्रावर पाणी व चालू पंखे, एवढ्या गोष्टींना कोणत्याही नव्या संशोधनाची गरज नाही. पुढच्या फेब्रुवारीपूर्वी त्या होऊ शकतात.