लॉर्ड गॉर्डन आणि त्याने बोलावलेला जमाव

२ जून १७८० रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस फील्ड्स मैदानात सुमारे पन्नास हजार लोक निळ्या फिती लावून जमले. त्यांना बोलावणारा लॉर्ड जॉर्ज गॉर्डन हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा खासदार होता. १७७८च्या कायद्याने कॅथलिकांना दिलेल्या मोजक्या सवलती रद्द करा, असा अर्ज घेऊन हा जमाव संसदेवर गेला. आत चर्चा सुरू असताना गॉर्डन वारंवार बाहेर येई आणि विरोधात कोण बोलते आहे, ते जमावाला सांगे. लोकप्रतिनिधीने असे वागणे अक्षम्य आहे.

पुढे आठवडाभर शहर पेटले. कॅथलिकांची प्रार्थनास्थळे आणि घरे, न्यूगेटचा तुरुंग, सरन्यायाधीश मॅन्सफिल्ड यांचे घर आणि ग्रंथसंग्रह, सारे आगीत गेले. बँक ऑफ इंग्लंडवरही चाल झाली. सैन्य उतरले तेव्हा जवळपास तीनशे माणसे मारली गेली.

गॉर्डन वेडसर होता, एवढे म्हणून अनेकजण विषय संपवतात. ते पटत नाही. खरे दुखणे त्याच्या खासदारकीच्या मुळाशी होते. ड्यूकचा हा धाकटा मुलगा नौदलात लेफ्टनंट झाला आणि मग स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसशायरमध्ये जनरल फ्रेझर यांच्याविरुद्ध प्रचाराला लागला. तिथे तो इतका लोकप्रिय ठरला, की त्याला वाटेतून दूर करण्यासाठी फ्रेझर यांनी इंग्लंडमधल्या लडगर्शलची जागा त्याच्यासाठी विकत घेतली. १७७४ मध्ये तो तिथून निवडून आला. ज्याची जागाच सौद्यातून आली, त्याला जाब विचारणारा मतदार कुठून असणार? सभागृहात त्याला कुणी मोजत नव्हते. ऐकणारे लोक त्याला रस्त्यावर सापडले, आणि त्यांना आवरणे त्याच्या हातात उरले नाही.

वकील थॉमस अर्स्किन यांच्या बचावामुळे १७८१ मध्ये तो राजद्रोहाच्या आरोपातून सुटला. निकाल योग्यच होता. बंडाचा हेतू सिद्ध झाला नव्हता. पुढे त्याने ज्यू धर्म स्वीकारला आणि तो कसोशीने पाळला. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची बदनामी आणि आणखी एका बदनामीकारक लिखाणाबद्दल १७८८ मध्ये त्याला पाच वर्षांची कैद झाली. मुदत संपली, पण सुटकेसाठी न्यायालयाला मान्य होतील असे जामीनदार मिळाले नाहीत. नोव्हेंबर १७९३ मध्ये न्यूगेटमध्येच तापाने त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या धर्मनिष्ठेबद्दल आदर वाटतो. तरीही १७८०च्या मृतांचा दोष त्याच्या आणि जागांची खरेदी-विक्री चालू देणाऱ्या संसदेच्या माथी राहतोच. लडगर्शल मतदारसंघ रद्द झाला तो थेट १८३२ मध्ये.