मुलाचा टॅग 'आयटम' नको, 'विद्यार्थी' लिहा

शिक्षक मित्रांनो, पालकहो, पुणे महानगरपालिकेच्या शाळा घ्या. मराठी, उर्दू, इंग्रजी माध्यमं, माध्यमात शाळा, शाळेत इयत्ता, इयत्तेत मुलं. पीएचपीत ही माहिती यादीत यादी, म्हणजे नेस्टेड ऍरे, अशी बसते. ती एक्सएमएलमध्ये न्यायला एक छोटं फंक्शन पुरतं. साधी किंमत असेल तर टॅगमध्ये लिहायची, आत पुन्हा यादी निघाली तर त्याच फंक्शनने स्वतःलाच बोलवायचं. डब्यात डबा निघाला की तोही उघडायचा, बस्स!

गाडी अडते ती मुलांपाशी. ऍरेत त्यांना 0, 1, 2 असे क्रमांक असतात आणि टॅगचं नाव अशा अंकाने सुरू झालेलं एक्सएमएलला चालत नाही. मग बरेच जण सरसकट 'आयटम' लिहून मोकळे होतात. फाईल चालते, पण मला हे पटत नाही. पुढच्या वर्षी नवीन शिक्षकाने ती उघडली तर मूल कोणतं न् विषय कोणता, कसं कळणार? 'विद्यार्थी' लिहा की! देवनागरी टॅग चालतात. (नावात मोकळी जागा मात्र नको, 'जन्मतारीख' सलग लिहा.)

टॅग कळला नाही की नवीन शिक्षक सगळी नावं पुन्हा टाईप करत बसतो. त्यात एखादी वेलांटी चुकते, आणि दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायला हेलपाटे पालकांना.