गंमत आकड्यांची: सहाव्यांदा काय झालं?

दोस्तांनो, वही घ्या आणि २ लिहा. त्याचा वर्ग ४, चाराचा वर्ग १६, सोळाचा २५६ आणि त्याचा ६५,५३६. आता प्रत्येकात १ मिळवा. आले ना ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७? या पाचही मूळ संख्या! १ आणि ती स्वतः, याशिवाय कशानेही त्यांना भाग जात नाही.

सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं, ही कृती कितीही पुढे नेली तरी मूळ संख्याच मिळणार. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती.

सहावी संख्या येते ४,२९,४९,६७,२९७. चार अब्जांहून मोठी! १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं, की तिला ६४१ ने नेमका भाग जातो. पुढे त्याने हेही सिद्ध केलं, की तिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. अशा मूळ संख्या ओळीने तपासा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच खेपेला बिंग फुटतं!

६५,५३७ च्या पुढे या कृतीतून आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. तेव्हा पाचदा जमलं म्हणून सहाव्यांदा जमेलच, असं नाही. गणितात उदाहरणं पुरत नाहीत, सिद्धता लागते.

आणि हो, आमच्यावरही विश्वास ठेवू नका! ६७,००,४१७ ला ६४१ ने गुणून पाहा. आठ आकडी कॅल्क्युलेटरवर उत्तर मावणार नाही. हातानेच करा!