दमलेली पाहुणी

मैत्रिणींनो, दुपारी ओटा आवरून जरा कुठे पाठ टेकावी आणि नेमका त्याच वेळी खिडकीखाली मुलांनी गलका सुरू करावा, हा अनुभव तुम्हाला नवा नसेल. अशा वेळी मला हटकून फ्रेया आठवते.

फ्रेया ही वॉलरस मादी. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात राहणारा, सीलच्या नात्यातला हा प्राणी. दोन लांब सुळे, राठ मिशा, आणि हिचं वजन म्हणाल तर सुमारे सहाशे किलो! वय मात्र पाचेक वर्षांचंच. समुद्रतळाशी बुडी मारून मिशांनी चाचपत शिंपले शोधायचे, आतलं मांस शोषून घ्यायचं आणि मग बर्फावर नाहीतर किनाऱ्यावर तासन्‌तास निजायचं, असा यांचा दिनक्रम. हा आळस नव्हे बरं का. झोप मिळाली नाही, तर पुढच्या बुडीला बळ कुठून यायचं?

हॉलंड, इंग्लंड, डेन्मार्क, स्वीडन असं भटकत २०२२च्या जुलैत ही बया नॉर्वेच्या राजधानीला, ऑस्लोला पोचली. तिथे उन्हाळ्यात बर्फ कुठला? ती चढली लोकांच्या होड्यांवर. काही होड्या तिच्या भाराने बुडाल्याही. पण लोकांना कोण कौतुक! सरकार परोपरीने सांगत होतं, लांब राहा. तरी फोटो काढायला झुंबड. हात लावता येईल इतक्या जवळ माणसं उभी, आणि बरोबर लेकरंसुद्धा! सहाशे किलोंचं जंगली जनावर ते, बिथरलं तर? तिला दुसरीकडे हलवण्याचाही विचार झाला, पण त्यात जाळ्यात अडकून ती बुडण्याचा धोका. अखेर १४ ऑगस्टला पहाटे सरकारी माणसांनी तिला मारलं. माणसांच्या जिवाला धोका होता म्हणून. खूप हळहळ झाली. पुढच्या वर्षी लोकांनी वर्गणी काढून तिचा पुतळा उभारला. आता जा म्हणावं हवं तेवढं जवळ!

खरं सांगू? मला राग सरकारपेक्षा त्या गर्दीचाच जास्त येतो.

कारण त्याच वर्षी ३० डिसेंबरच्या रात्री थॉर नावाचा एक नर इंग्लंडमधल्या स्कारबरो गावच्या बंदरात येऊन पहुडला. दुसऱ्या रात्री तिथे नववर्षाची आतषबाजी ठरलेली. नगरपालिकेने ती चक्क रद्द केली! बघ्यांनाही अंतरावर थोपवून धरलं. मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा सातवीतला एक मुलगा कळवळून म्हणाला, "बाई, मग एवढे सगळे फटाके फुकट गेले?" दिवाळी तोंडावर आलेली, त्याचा जीव फटाक्यांत अडकलेला.

थॉरने मात्र दिवसभर मनसोक्त झोप काढली. संध्याकाळी आपणहून पाण्यात उतरला, दोन दिवसांनी आणखी उत्तरेला ब्लाइथ गावी टेकला, आणि २०२३च्या फेब्रुवारीत आइसलंडच्या किनाऱ्यावर दिसला.