गाडी विकली. लाज कशाची?



पंधरा दिवस झाले, आपली मीटिअर विकली. गावात तीन जणांनी विचारलं, "काय पाटील, बुलेट दिसंना?" (रॉयल एनफिल्डची कुठलीही गाडी असू द्या, गावाला ती बुलेटच.) पहिल्याला सांगितलं सर्व्हिसिंगला दिलीय. दुसऱ्याला सांगितलं पाहुण्यानं नेलीय. तिसऱ्याला खरं सांगितलं, आणि तवापासून डोकं हलकं झालं. म्हणून ही नोंद सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी घेतली कशी ते सांगतो. 2021 ला सोयाबीननं दहा हजाराच्या आसपास भाव दाखवला होता. आमच्या ढाळज्यात तेव्हा सगळ्यांनाच वाटलं, आता हे पीक खाली येत नाही. त्या जोरावर 2022 च्या दसऱ्याला मीटिअर 350 घरी आली. जुन्या वळणाचा गोल दिवा, खालची सीट, पाय पुढं टाकून बसायचं. बार्शी रोडला लागली की राजा झाल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू, गाडी चांगलीच होती. एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही.

पण वापर किती? तीन वर्षांत 7,900 किलोमीटर. म्हणजे दिवसाला सात-साडेसात किलोमीटर. कारण रानात ती चालतच नाही. 191 किलोचं धूड, आणि आपली सीनाकाठची काळी माती. पावसाळ्यात मडगार्ड आणि टायरच्या मधी चिखल असा बसतो की काडीनं उकरून काढावा लागतो. दुधाची कॅन, फवारणीचा पंप, पेंडीचं पोतं, सगळं जुन्या स्प्लेंडरवरच. मीटिअर फक्त लग्नाला, बाजाराला आणि फोटोला.

आता हिशोब. आपण फवारणीचा एकरी खर्च वहीत लिहितो, गाडीचा कुणी लिहीत नाही. मी पण लिहिला नव्हता. विकायच्या आदल्या रात्री बसून काढला:

गाडी सगळं धरून 2,42,000. रोख भरले 72,000, बाकी 1,70,000 कर्ज. हप्ता 5,750, असे 36, म्हणजे 2,07,000. नुसतं व्याज 37,000.
विमा 5,500, सर्व्हिसिंग 11,500.
एकूण गेले 2,96,000.
विकून आले 1,45,000.
निव्वळ तोटा 1,51,000.

भागिले 7,900. किलोमीटरला 19 रुपये, आणि वर पेट्रोल साधारण 3 रुपये. म्हणजे किराणा आणायला गावातून तालुक्याला जाऊन आलो की 22 रुपये किलोमीटरनं जात होतो. भाड्याची जीप परवडली असती.

आणि हप्ता काही सोयाबीनचा भाव विचारून येत नाही. 2024 ला हमीभाव 4,892 होता, बाजारात त्याच्या खाली माल घातला. हप्ता तेवढाच.

तरी विकायचं मनात नव्हतं. ते आलं सप्टेंबर 2025 च्या शेवटच्या आठवड्यात. सीनेला पाणी आलं ते तुम्हाला माहीतच आहे. रात्री दोनच्या सुमारास पाणी अंगणात शिरलं. मी, धाकटा भाऊ आणि शेजारची दोघं अशा चौघांनी मिळून आधी गाडी ओट्यावर चढवली. तेवढ्या वेळात पडवीत ठेवलेली उडदाची सहा पोती खालून भिजली. सकाळी आबा पोती उपसत होते. मला एक शब्द बोलले नाहीत. ओट्यावरच्या गाडीकडं एकदा बघितलं फक्त. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरला शेवटचा हप्ता गेला, गाडी पूर्ण माझी झाली, आणि त्याच महिन्यात विकायला काढली.

ज्यांना विकायची आहे त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

एक, भाव. 22 सप्टेंबर 2025, घटस्थापनेपासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. ही 349 सीसी, म्हणजे त्यात बसते. नवीनच सात-आठ टक्क्यांनी उतरल्यावर जुनीला मागचा भाव कोण देणार? "मी एवढ्याला घेतली होती" हे बाजार ऐकत नाही, सोयाबीनचं ऐकतो का? तालुक्यात एका डीलरनं 1,20,000 म्हणलं. मी तीन आठवडे थांबलो. थांबता आलं कारण हप्ता संपला होता. अडलेला माणूस डीलरला लांबून ओळखू येतो.

दोन, खरं बोला. यंदा आपल्या भागातली गाडी म्हणलं की घेणारा पहिलं विचारतो, पाण्यात होती का? मी सीट काढून दाखवली, वायरींचे जोड उघडले, इंजिन ऑईल दाखवलं. पाणी गेलेलं ऑईल दुधाळ होतं, आणि सीटखाली, जोडांत गाळाची रेघ राहतेच. तुम्ही घेणारे असाल तर हेच बघा. बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकणारे आहेत. असं करू नका, समोरचाही आपल्यासारखाच कुणाचा तरी पोरगा असतो.

तीन, कागद. घेणारा पोरगा शिक्षक, स्वभावानं चांगला. म्हणला, "दादा, नाव नंतर करून घेतो, गडबड काय?" मी म्हणलं, "सर, गाडी आजच न्या, पण नाव आधी." बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवला, 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या, विमा त्यांच्या नावावर. कारण आरसीवर नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्या अंगावर येते. 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलंय. दहा वर्षांची ओळख असली तरी सही झाल्याशिवाय किल्ली नाही.

आता कमेंटमधी कुणी म्हणणार, शेतकऱ्यानं हौस करूच नये का? करावी की. नोकरदारानं पोराला गाडी घेतली तर कुणी हिशोब मागत नाही, मग आपल्यालाच का, हा राग मलाही येतो. पण नोकरदाराचा पगार एक तारखेला येतो. आपला पगार आभाळात असतो. हौस शिल्लक पैशातून करा, पुढच्या पिकाच्या भरवशावर काढलेल्या कर्जातून नको. एवढंच म्हणणं आहे. हे गाडीलाच नाही, चार एकराला घेतलेल्या ट्रॅक्टरलाही लागू आहे. कृषी विभागाची, विद्यापीठाची मंडळी हे पान वाचतात, त्यांनाही विनंती. बियाणं, खत, औषधाचा खर्च कमी कसा करायचा ते तुम्ही छान सांगता. एकदा शिवारफेरीत दारात उभ्या असलेल्या लोखंडाचा घसाराही फळ्यावर मांडा.

1,45,000 चं काय केलं? नदीकडच्या एकरातली माती वाहून गेली होती, तिथं बांध घालून गाळ भरतोय. बाकी रानात हरभरा पेरला, फुले विक्रम, ट्रायकोडर्मा आणि रायझोबियमची बीजप्रक्रिया करून. पडवीत दोन फूट उंच दगडी कट्टा बांधला, पोती ठेवायला. यंदा पेरणीला कुणापुढं हात पसरला नाही.

काल संध्याकाळी आबा त्या कट्ट्यावर बसले होते. म्हणले, "स्प्लेंडरचं ऑईल कधी बदललंय?" उद्या बदलतो.

तुमच्या दारात काय उभं आहे? वही काढा आणि किलोमीटरला किती पडतं ते काढून बघा. आकडा खाली लिहिला तरी चालेल, नाही लिहिला तरी चालेल.